गाडी विकली, नाव जुनंच : ट्रान्सफरचा नियम बदलला तर सरकारला खर्च किती येतो?

शिरवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आहे, नीरा नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की सारोळा, म्हणजे भोर तालुका आणि पुणे जिल्हा. पुणे इथून पन्नासेक किलोमीटर, सातारा साठेक, आणि साताऱ्याला जायचं तर मध्ये खंबाटकीचा घाट. एमआयडीसी आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे बाहेरून आलेली माणसंही भरपूर. अशा गावात रस्त्याकडेला पाच मिनिटं उभं राहिलं तर एमएच ११, एमएच १२, एमएच १४, एमएच ५० अशा सगळ्या पासिंगच्या गाड्या दिसतात. यातली कुठली गाडी नक्की कोणाची, हे नंबर प्लेटवरून कळत नाही. सरकारी नोंदीवरूनही ते प्रत्येक वेळी कळतंच असं नाही.

कारण साधं आहे. समजा शिरवळच्या एकाने पुण्यातून सेकंडहँड मोटारसायकल घेतली. पैसे दिले, आरसी घेतली, विकणाऱ्याने टीटी फॉर्मवर सही करून दिली. तारखेची जागा कोरी. 'करून घेऊ नावावर' म्हणत गाडी वर्षभर चालली आणि मग तिसऱ्याला विकली गेली, त्याच कोऱ्या फॉर्मसकट. आरटीओच्या नोंदीत मालक अजून पुण्याचाच. चलन त्याला, पोलिसांचा फोन त्याला आणि वेळ आलीच तर कोर्टाचं समन्सही त्यालाच.

यावर सोशल मीडियावर नेहमी एक सल्ला फिरतो : सरकारने नियमच बदलावा, विक्री झाली की नाव आपोआप बदललं पाहिजे, फी माफ करावी. मागणी रास्त वाटते. पण असा बदल करायला सरकारला खर्च किती येईल आणि तो नेमका कोणत्या सरकारच्या खिशातून जाईल, हा हिशोब सहसा कोणी करत नाही.

आधी सध्याचा नियम

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ५० मालकी हस्तांतराचं. त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याने ३० दिवसांत स्वतःच्या भागातल्या आरटीओकडे अर्ज करायचा. विकणाऱ्याचा फॉर्म २९, घेणाऱ्याचा फॉर्म ३०. लोक ज्याला टीटी फॉर्म म्हणतात तो हाच जोड. मालक वारला असेल तर वारसाला फॉर्म ३१.

राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही. एमएच १२ ची गाडी शिरवळच्या माणसाच्या नावावर रीतसर झाली तरी प्लेट एमएच १२ चीच राहते. नवा नंबर लागतो तो गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर, कलम ४७ नुसार. आणि कलम ४८ मधली 'एनओसी' हीसुद्धा मुळात परराज्यात जाणाऱ्या गाडीसाठीची तरतूद आहे.

म्हणजे कायद्यात मुदत आहे, फॉर्म आहेत, जबाबदारीही दोघांवर आहे. घोळ असा की विकणाऱ्याला पैसे मिळालेले असतात आणि घेणाऱ्याला गाडी मिळालेली असते. कागद पूर्ण करायची घाई दोघांनाही नसते.

फी किती, आणि ती माफ केली तर?

ट्रान्सफरची फी केंद्र सरकार ठरवतं, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ८१ च्या तक्त्यातून. डिसेंबर २०१६ मध्ये हा तक्ता बदलला. तेव्हापासून नोंदणीची फी दुचाकीला ३०० रुपये आणि खासगी कारला ६०० रुपये, तर ट्रान्सफरची फी त्याच्या निम्मी : दुचाकीला १५०, कारला ३००. स्मार्ट कार्ड आरसीचे २०० रुपये वेगळे. गंमत म्हणजे कर्जाचा बोजा चढवायची फी याच तक्त्यात कारसाठी १,५०० रुपये आहे. गाडीवर बँकेचं नाव लावणं हे गाडीचा मालक बदलण्यापेक्षा पाचपट महाग.

आता फी माफीचा हिशोब. एक लाख कारच्या ट्रान्सफरची फी सोडून दिली तर ३ कोटी रुपये जातात. एक लाख दुचाकींची सोडली तर दीड कोटी. आकडा मोठा वाटतो, पण तो राज्याच्या कराशेजारी ठेवून बघावा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल कारवर ११ टक्के एकरकमी कर आहे. ९ लाखांच्या एका नव्या कारमागे राज्याला ९९,००० रुपये मिळतात. म्हणजे एक नवी कार विकली गेली की ३३० जुन्या गाड्यांच्या ट्रान्सफर फीएवढे पैसे तिजोरीत येतात. आणि एक लाख कारची फी माफ करून जे ३ कोटी जातील, ते अशा सुमारे ३०३ नव्या गाड्यांच्या करातून भरून निघतात.

तेव्हा फी हा सरकारचा खरा खर्च नाही. ग्राहकाच्या बाजूनेही ती खरी अडचण नाही. शिरवळहून साताऱ्याला जाऊन यायचं म्हणजे सव्वाशे किलोमीटर, एक दिवसाचा खाडा आणि एजंटचे पैसे. त्यापुढे दीडशे-तीनशे रुपये कोण मोजतंय?

मग खर्च कुठे होतो?

इथे थोडी राज्यघटना समजून घ्यावी लागते. मोटार वाहनं हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. पण वाहनांवरचा कर राज्य सूचीत आहे, नोंद ५७. त्यामुळे कामाची वाटणी विचित्र झाली आहे. नियम दिल्लीत बनतो आणि फीचा आकडाही दिल्लीतच ठरतो. खिडकीवर बसणारा कर्मचारी, तपासणी करणारा निरीक्षक, कार्यालयाची इमारत, वीज, रेकॉर्ड रूम हे सगळं राज्याचं. संगणकप्रणाली 'वाहन' ही केंद्राच्या एनआयसीने बनवलेली.

नियम बदलला की प्रणालीत नवा टप्पा घालावा लागतो, हा एकदाचा खर्च. कर्मचाऱ्यांना नवी पद्धत शिकवावी लागते, हाही जवळपास एकदाचा. राज्यांना खरी धास्ती असते ती तिसऱ्या गोष्टीची, म्हणजे कर कधी आणि किती हातात पडणार याची.

भारत सिरीजचं उदाहरण घ्या. केंद्राने २६ ऑगस्ट २०२१ ला अधिसूचना काढली आणि १५ सप्टेंबरपासून बीएच नंबर सुरू झाले. सरकारी, निमसरकारी, लष्करी कर्मचारी आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी. बदली झाली तरी नंबर बदलायला नको, एनओसी नको, जुन्या राज्याकडून कराचा परतावा मागत फिरायला नको. ज्यांची दर तीन वर्षांनी बदली होते त्यांना विचारा, किती मोठी सोय आहे ती. पण राज्याच्या बाजूने पाहिलं तर एकरकमी मिळणारा कर आता दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत येतो. शिवाय दर केंद्राने ठरवलेला : १० लाखांखालच्या गाडीला ८ टक्के, तोही जीएसटी वगळून आलेल्या किमतीवर. महाराष्ट्राचा स्वतःचा दर ११ पासून सुरू होतो. वर दर दोन वर्षांनी कोणी कर भरला, कोणी नाही, यावर लक्ष ठेवायचं काम राज्याच्याच गळ्यात. केंद्राला या बदलासाठी लागला तो अधिसूचनेचा कागद आणि प्रणालीतली दुरुस्ती. भार राज्याने उचलला.

उलट टोकही आहे. याच महामार्गाने खाली गेलं की कर्नाटक. त्या राज्याने २०१४ मध्ये आपल्या कर कायद्यात बदल करून परराज्यातल्या गाड्यांसाठी वर्षाची सवलत ३० दिवसांवर आणली. महिन्याभरापेक्षा जास्त गाडी ठेवली तर कर भरा. बंगळूरमध्ये नोकरी करणारे आणि एमएच पासिंगची गाडी घेऊन गेलेले कितीतरी मराठी लोक यात सापडले. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्याला नोंदणीच्या नियमात एवढा रस का असतो, याचं हे उत्तर आहे : नंबर बदलला की कर मिळतो.

खर्चाचा अंदाज कुठे छापलेला असतो का?

जवळपास कुठेच नाही. संसदेत विधेयक येतं तेव्हा त्यामुळे सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर सोबत वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं. अमुक तरतुदीसाठी अमुक खर्च अपेक्षित, असं. पण ट्रान्सफरचे बदल बहुतेक वेळा विधेयकातून येत नाहीत, नियमांतून येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे मसुदा राजपत्रात छापायचा, हरकती मागवायच्या, मग अंतिम नियम काढून संसदेपुढे ठेवायचे. यात कुठेही किती खर्च येणार हे लिहायची सक्ती नाही. २०१४ च्या केंद्राच्या पूर्व-विधायी सल्लामसलत धोरणात मसुद्यासोबत ढोबळ आर्थिक परिणामही सांगावेत असं म्हटलं आहे, आणि ते नियमांनाही लागू आहे. पण ते धोरण आहे, कायदा नाही.

त्यामुळे 'नियम बदलून सरकारचे किती पैसे गेले' असं विचारलं तर एका आकड्यात उत्तर मिळत नाही. हा दोष छोटा नाही. आकडा नसला की बदल फुकट वाटतो, आणि बदल न करणंही फुकटच वाटतं.

बदल न करण्याचा खर्च

नवी दिल्लीत १० नोव्हेंबर २०२५ ला लाल किल्ल्याजवळ कारचा स्फोट झाला. तपास सुरू झाला तो गाडीच्या नंबरवरून, आणि पोलीस पोहोचले नोंदीतल्या मालकापर्यंत. त्याने ती गाडी आधीच विकलेली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेलेली होती. एकेक विक्रेता गाठत साखळी जुळवावी लागली. ही टोकाची घटना झाली, पण तीच कसरत प्रत्येक पोलीस ठाण्यात लहान प्रमाणात चालू असते. अपघात करून पळालेली गाडी, चोरीत वापरलेली मोटारसायकल, बेवारस पडलेला टेम्पो. प्रत्येक वेळी पहिला दिवस आदल्या मालकाचं घर शोधण्यात जातो. पोलिसांचा तो वेळ परिवहन खात्याच्या कुठल्याच हिशोबात दिसत नाही.

न्यायालयाचा वेळही तसाच. अपघात भरपाईच्या दाव्यात 'मालक कोण' हा प्रश्न इतक्यांदा आला की अखेर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं : ज्याच्या नावावर नोंद, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणातली कार एकामागून एक अशी अनेकदा विकली गेली होती आणि नोंद पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. अपघातात एका लहान मुलाचा जीव गेला. अपघात झाला २००९ मध्ये, अंतिम निकाल आला २०१८ मध्ये. दावा न्यायाधिकरणातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि वादाचा मुद्दा होता भरपाई कोणत्या मालकाने द्यायची. न्यायालयाचं म्हणणं असं की नुकसान झालेल्या माणसाने गाडीच्या खासगी व्यवहारांची साखळी शोधत बसू नये. बरोबरच आहे. पण ज्याने दोन वर्षांपूर्वी गाडी विकून टाकली त्याच्यासाठी हा निकाल किती भारी पडतो, तेही लक्षात घ्यावं.

चलनाचं तर विचारूच नका. कॅमेऱ्याने टिपलेलं ई-चलन नोंदीतल्या मालकाच्या मोबाइलवर जातं. तो म्हणतो गाडी माझी नाही. चालवणाऱ्याला चलन कळतच नाही. दंडाची रक्कम कागदावर थकबाकी म्हणून वाढत राहते.

ब्रिटनने नियम बदलला तेव्हा काय झालं

ट्रान्सफरचा नियम बदलून पैसे वाचवायला जाणं आणि उलट गमावणं, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ब्रिटनचं आहे, कारण तिथे आकडे छापतात. १९२१ पासून ब्रिटनमध्ये गाडीच्या काचेवर कराची कागदी चकती लावत. ही चकती १ ऑक्टोबर २०१४ ला बंद झाली. सोबत आणखी एक बदल झाला : गाडी विकली की तिचा उरलेला कर नव्या मालकाकडे जाणं बंद. विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा, आणि घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून नवा कर भरायचा. विक्रीच्या महिन्याचा कर सरकारला दोन्हीकडून मिळत होता, ही त्यातली खुबी. चकती छापायचा आणि पाठवायचा खर्च वाचून वर्षाला कोटीभर पौंडांची बचत होईल असं सांगितलं गेलं.

झालं भलतंच. २०१३ मध्ये रस्त्यावरच्या ०.६ टक्के गाड्या करबुडव्या होत्या. २०१५ मध्ये १.४ टक्के आणि २०१७ मध्ये १.८ टक्के. बुडालेल्या कराचा वार्षिक अंदाज साडेतीन कोटी पौंडांवरून दहा कोटींच्या वर गेला. २०१७ च्या सर्वेक्षणात अशा गाड्यांपैकी सुमारे एक तृतीयांश गाड्या गेल्या वर्षभरात हात बदललेल्या होत्या. म्हणजे गळती नेमकी विक्रीच्या क्षणी होत होती. त्यातले बरेचसे लोक लबाड नव्हते, त्यांना नवा नियम माहीतच नव्हता. पुढची कित्येक वर्षं ब्रिटिश सरकारला जाहिराती, कॅमेरे आणि गाड्यांना जामर लावणं यावर जोर द्यावा लागला.

मग इथे काय बदललं आहे?

दोन गोष्टी. एक, ऑनलाइन सेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने आरटीओच्या ५८ सेवा आधार पडताळणीवर घरबसल्या देता येतील असं अधिसूचित केलं. त्यात मालकी हस्तांतराचा अर्जही आहे. विकणारा आणि घेणारा दोघांच्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणजे कोऱ्या फॉर्मची सही बाद. शिरवळच्या माणसासाठी यात घाटापलीकडची फेरी वाचते. आरटीओसाठी खिडकीवरची गर्दी कमी होते. सरकारी खर्च खरोखर कमी करणारा बदल कुठला, तर हा. अट एवढीच की दोघांचेही मोबाइल नंबर आधारला जोडलेले हवेत, आणि गाडीवर जुना बोजा किंवा चलन लटकलेलं नको.

दुसरा बदल सेकंडहँड गाड्यांच्या विक्रेत्यांचा. डिसेंबर २०२२ मध्ये नियम आले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. गाडी अधिकृत विक्रेत्याकडे दिली की त्याची ऑनलाइन सूचना आरटीओला जाते आणि तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत विक्रेताच मालक मानला जातो. गाडी दुकानाबाहेर नेली तर कुठे आणि का नेली याची नोंद त्याने ठेवायची. मधल्या काळात अपघात झाला, चलन आलं, तर आधीचा मालक सुटतो. आणि यासाठी गाडी दोनदा ट्रान्सफर करावी लागत नाही, नुसती सूचना पुरते. मात्र हे सगळं परवाना घेतलेल्या विक्रेत्यालाच लागू. आणि परवाना घेतलेला विक्रेता जीएसटीच्या नजरेतही येतो. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या गाडीच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, १८ टक्के जीएसटी आहे. घरच्या माणसाने घरच्या माणसाला गाडी विकली तर तो लागत नाही. तेव्हा हायवेच्या कडेला चार गाड्या उभ्या करून 'सेल' चा बोर्ड लावणारा परवाना घ्यायला उत्सुक का नसेल, हे वेगळं सांगायला नको. पत्र्याच्या शेडमधून होणारे व्यवहार अजून कोऱ्या टीटी फॉर्मवरच चालतात.

यात आणखी एक पाचर आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी प्लेट नसेल तर महाराष्ट्रात आरटीओची कामं, मालकी हस्तांतरासह, अडवायची भूमिका खात्याने घेतली. प्लेटचा दर दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, कारला ७४५, वर जीएसटी. यात सरकारचा खर्च जवळजवळ शून्य, कारण पैसे गाडीवाला देतो. पण ज्याच्या नावावर गाडी नाही, त्याने जुन्या मालकाच्या नावाची प्लेट काढायची, मग ट्रान्सफर करायची. जुन्या मालकाचा मोबाइल नंबर बंद असेल तर तिथेच गाडं अडतं, आणि आणखी एक गाडी दुसऱ्याच्याच नावावर फिरत राहते.

गाडी विकताना घ्यायची काळजी थोडक्यात अशी. व्यवहार दोघांच्या ओटीपीने ऑनलाइन करा. ते जमत नसेल तर तारीख घातलेला फॉर्म २९ स्वतः १४ दिवसांत आरटीओला द्या आणि पोचपावती ठेवा. ते काम घेणाऱ्यावर सोडू नका. फास्टॅग बंद करून टाका, नाहीतर खेड शिवापूरचा टोल तुमच्या खात्यातून जात राहील. विम्यावरचं नाव घेणाऱ्याने १४ दिवसांत बदलून घ्यायचं असतं, तेही सांगा. आणि महिन्याभराने गाडीचा नंबर 'वाहन' प्रणालीत टाकून मालकाच्या रकान्यात काय दिसतंय ते बघा.